शेवटचा भाग बाईंच्या कपाटात

आमच्या वाचनालयात नवीन माणूस आला, की अर्ध्या तासात त्याला तीन-चार किस्से ऐकवले जातात आणि बिचारा पुस्तक न घेताच घरी जातो. यात माझा काही दोष नाही. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान वाचनालयाला लागूनच आहे, मधली भिंत पातळ आहे, आणि लग्नपत्रिका सेट करता करता पलीकडचं सगळं ऐकू येतं. ऐकलेलं पोटात किती दिवस ठेवायचं माणसानं? त्यात लांजेवार काकांचे किस्से तर इतके साचलेत, की एखादं कपाट त्यांनाच द्यावं लागेल.

लांजेवार काका म्हणजे लाखांदूरकडच्या एका खेड्यातले धानाचे शेतकरी. दर शनिवारी एसटीनं येतात. वाचतात फक्त रहस्यकथा, आणि त्यातही डिटेक्टिव्ह विचित्र पाहिजे. ऐकू न येणारा शिंपी, स्मशानात लाकडं विकणारी म्हातारी, असले. सरळ पोलीस इन्स्पेक्टर असला, की पुस्तक परत.

मी एकदा विचारलं, "काहून काका, पोलीस काहून नाही चालत?"

"त्याले त पगार भेटते खुनी पकडाचा," काका म्हणाले. "मले असा माणूस पायजे, ज्याले कोनी बलावलंच नाही."

*

आधी आमची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

पुस्तकाची प्रत एक आणि टपून बसलेले वाचक चार. म्हणून आमच्या ग्रंथपाल रामटेके बाईंनी एक दिवस नवीकोरी कादंबरी घेतली, ब्लेडनं तिचे पाच भाग केले आणि दाभणानं शिवून टाकले. पहिला भाग वाचून झाला की पुढच्याला द्यायचा, आपण दुसरा घ्यायचा. पाचवा भाग मात्र बाईंच्या कपाटात, कुलपात. आधी चिठ्ठीवर खुनी कोण ते लिहायचं, चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची, तेव्हाच शेवटचा भाग हातात पडणार. बाई यात कोणाचीही गय करत नाहीत. स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा त्यांनी चिठ्ठीशिवाय परत पाठवलं होतं.

गणिताचे रिटायर्ड मेश्राम सर दहात आठ वेळा बरोबर असतात आणि तसं चेहऱ्यावर दाखवतातही. माझं कधी बरोबर, कधी चूक.

लांजेवार काकांचं एकदाही बरोबर आलं नाही. एकदाही! किती वर्षं झाली, किती पुस्तकं झाली, माणूस दर वेळी चुकला.

*

काकांची खुनी ओळखायची स्वतःची रीत आहे. घरी आलेल्या माणसाला जो चहा विचारत नाही, तो खुनी.

मेश्राम सरांनी त्यांना परोपरीनं समजावलं. "काका, लेखक प्रत्येक पानावर चहा कसा लिहील?"

"त मंग त्यानं पाहुने कायले बलावले?" काका म्हणाले.

सर पुस्तक उघडून पाहुणे मोजायला लागले.

*

एकदा काकांनी चिठ्ठीवर तीन नावं लिहिली. बाईंनी चिठ्ठी परत केली. "काका, ही काय पॅनलची निवडणूक आहे? एकच नाव."

काकांनी बराच विचार केला, दोन नावं खोडली आणि एक ठेवलं.

खुनी खोडलेल्यातला निघाला.

*

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाईंच्या हातून एक घोटाळा झाला. शिवताना तिसऱ्या भागावर चौथ्याचा पुठ्ठा लागला आणि चौथ्यावर तिसऱ्याचा. म्हणजे काकांनी आधी वाचलं की सावकाराचं प्रेत विहिरीत सापडलं, आणि नंतर वाचलं की सावकार मजेत भजे खाऊन राहिला.

दुसरा कोणी असता तर भांडायला आला असता. काकांनी शांतपणे चिठ्ठी लिहिली, 'सावकाराचा जुळा भाऊ.'

बाईंना चूक समजली तेव्हा त्या ओशाळल्या. "काका, तुम्हाला काही विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं न. पन शिंप्याले आयकू येत नाही तरी तो खुनी पकडते, हे मानलं मी. मंग हे कायले नाही मानू?"

*

हा बसमधला किस्सा मला काकांनीच सांगितला, आणि सांगताना स्वतःच जास्त हसले.

चौथा भाग घेऊन ते बसले बसमध्ये. शेजारच्या बाईनं विचारलं, काय वाचून राहिले? काकांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. मागचे लोक म्हणाले, जोरानं सांगा. मग काका उभं राहून सांगायला लागले. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता दोन प्रश्न विचारले, तेही चांगले प्रश्न. गाव येईपर्यंत सगळ्या बसचं एकमत झालं, की खून डॉक्टरनं केला.

काकांनी पुढच्या शनिवारी चिठ्ठी लिहिली, 'कंपाउंडर.' कारण पाहुणा आल्या आल्या डॉक्टरनं चहा मागवला होता.

डॉक्टरच होता.

"वैशू," ते मला म्हणाले, "चाळीस मानसं बरोबर, अन् मी एकटा चुकलो. अन् पुस्तक मीच वाचलं होतं!"

*

आता शेवटचा.

यंदा काकांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, नागपूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, तारीख दिली. काका नेहमीच्या शनिवारी आले आणि पंख्याखाली बसून ही बातमी त्यांनी अशी सांगितली, जसं उद्या आटाचक्कीवर जायचं आहे.

"भेव वाटते का काका?" बाईंनी विचारलं.

"वाटते न. कायले खोटं बोलू?" मग म्हणाले, "पन जाच्या आधी एक खुनी सापडला पायजे होता मले. एकच. एवढी पुस्तकं वाचली, रिकाम्या हातानं जावं लागंल असं वाटते."

मला तर तिथं बसवेना, मी उठून दुकानात आले. मला रडू येत होतं.

त्या वेळी काकांकडे जे पुस्तक चालू होतं, त्यात सर्कशीतून रिटायर झालेला विदूषक डिटेक्टिव्ह होता. समोरचा खोटं बोलला, की त्याला उचकी लागायची. काका खूश होते त्याच्यावर. नागपूरला जायच्या आठवड्यात त्यांनी चौथा भाग परत केला आणि चिठ्ठी टाकली. बाईंनी उघडून पाहिली. 'सर्कसच्या मालकाची बहीन.'

मी ते पुस्तक वाचलं होतं. बहिणीचा काही संबंध नव्हता. खुनी जनावरांचा डॉक्टर होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. बाई म्हणाल्या, "काका, शेवटच्या भागाची शिलाई निघाली आहे. उद्या घेऊन जा."

मी बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं.

काका गेल्यावर त्या सरळ माझ्या दुकानात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "टाइप कर," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून शेवटचा भाग नव्यानं लिहिला. खून बहिणीच्या माथी मारला. मेश्राम सरांना तपासायला दिला. सरांनी आधी, हे नियमाला धरून नाही, म्हणून डोळे वटारले. मग लाल पेन काढला आणि म्हणाले, "बहीण तीनदा खोटं बोलते आणि विदूषकाला उचक्या चार लागतात. एक कमी करा." मी एक कमी केली. पुस्तकासारखा फॉन्ट शोधला, प्रिंट काढले, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पंख्याखाली वाळवले. बाईंनी तो भाग स्वतः शिवला. खऱ्यापेक्षा तोच जास्त खरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो स्टँडवरच्या बाकावर बसून वाचला. आम्ही तिघंही समोर उभे. वाटलं होतं, माणूस उडी मारेल. काकांनी शेवटचं पान वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, भाग मिटून बाईंच्या हातात दिला. "बरं," म्हणाले, आणि बसमध्ये चढले.

नुसतं बरं. मला रागच आला थोडा.

पुढचे दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी वाचनालय उघडलं, पण कोणाला पुस्तक काढून दिलं नाही. सर तीनदा विचारायला आले. शेवटी दुपारी काकूंचा फोन आला, "झालं व्यवस्थित. शुद्धीवर आले."

दोन महिन्यांनी काका आले. अर्धे झाले होते, काकू हात धरून होत्या. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि खिशातून एक घडी केलेली चिठ्ठी काढून डब्यात टाकली.

"काका," बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे सध्या पुस्तक कुठं आहे?"

"खोलून त पाहा."

बाईंनी चिठ्ठी उघडली. वाचली. माझ्याकडे दिली.

'खुनी: रामटेके बाई. साथीदार: वैशू. मेश्राम सरले सगळं मालूम होतं. पुरावा: माहा अंदाज बरोबर निघाला.'