सदर इसमाची बहीण

"आधी त्याले विचारा," असं ताई म्हणायच्या आणि अख्खी एस.टी. खोळंबायची. कंडक्टरने त्यांच्या धाकट्या भावाला कुठे उतरायचंय ते त्यांना विचारलं की हे उत्तर ठरलेलं. भाऊ पस्तिशीचा, खिडकीबाहेर बघत बसलेला. दोन-तीन मिनिटांनी तो "वर्धा" म्हणायचा. तोवर मागचे प्रवासी ताईंच्या नावाने कुरकुरून घ्यायचे.

मी वर्ध्याला कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचो. ताई अल्लीपूरच्या. घरची पिठाची चक्की होती आणि दळण भाऊ करायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघत नसे, पण डबा कुणाचा ते बिनचूक सांगे. चक्कीच्या खडखडाटाचं त्याला काही वाटत नसे. कुणी खांद्यावर हात ठेवला की मात्र कान झाकून कोपऱ्यात जाई. गावाने त्याला वेडा ठरवून टाकलं होतं. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी ‘स्वमग्न’ हा शब्द सांगितला, पण आमच्या आवारात तो कुणाला ठाऊक होता?

ताईंचं भांडण कायद्याशी होतं. वडिलांच्या शेतातला भावाचा हिस्सा चुलतभावाला आपल्या ताब्यात हवा होता. भाऊ वेडा आहे एवढं कोर्टाने म्हटलं की चुलतभावाचं काम होणार होतं. इंग्रजांच्या वेळचा कायदा नुकताच बदलला होता म्हणे, पण एकदा माणूस शहाण्यांतून गेला की त्याचं कुणी ऐकायचं नाही, ही रीत तशीच राहिली होती. ताई दर महिन्याला माझ्याकडून अर्ज टाइप करून घ्यायच्या. कलेक्टरला, आमदाराला, दिल्लीला. कायद्यात एवढंच घाला, की काही ठरवण्याआधी त्या माणसाशी बोला. त्याला मदत द्या, त्याचा हक्क काढून घेऊ नका. उत्तर आलंच तर ‘पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे’ असं यायचं. पुढे म्हणजे कुठे, हे मी विचारायचं सोडलं. त्यांनी नाही सोडलं.

एकदा त्या तापाने फणफणत आल्या. भावाच्या एस.टी.च्या अपंग-सवलतीच्या पासासाठी साधा अर्ज हवा होता आणि कचेरी बंद व्हायला आली होती. कोर्टाच्या आवारात तुमचं कधी काम पडलं असेल तर ठाऊक असेल, आम्हा टाइपवाल्यांकडे सगळ्या अर्जांचे जुने नमुने असतात. नाव बदलायचं आणि बाकीचं डोळे मिटून बडवायचं. मीही बडवलं. ‘सदर इसम जन्मतः वेडसर असून त्यास स्वतःचे हिताहित समजत नाही.’ एरवी ओळ न् ओळ वाचणाऱ्या ताईंनी त्या दिवशी न वाचता सही केली.

चुलतभावाच्या वकिलाने त्या अर्जाची नक्कल काढून कोर्टात ठेवली. सख्खी बहीणच लिहून देते म्हटल्यावर आणखी काय हवं? सही तुमची का, असं ताईंना विचारलं गेलं. त्या हो म्हणाल्या. मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मीही उठलो नाही. भाऊ बाहेर व्हरांड्यात बसला होता. त्याला कुणी आत बोलावलंच नाही. चुलतभाऊ त्याचा आणि त्याच्या हिश्श्याचा पालक झाला. शेत त्याने घेतलं, भाऊ मात्र चक्कीवर ताईंजवळच राहिला.

ताईंचे अर्ज तरी चालूच राहिले. त्यांच्या भावासारख्या लोकांसाठी वेगळा कायदा आला, तोवर माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता. त्यातला पालक नेमायचा नवा फॉर्म ताईंनी दोनदा वाचला. पालकाची माहिती पानभर होती.

"माह्या भावाले काय पाहिजे, ते कुठं लिहाचं?"

मला जागा सापडली नाही. त्या दिवशी मी सांगून टाकलं, की ती ओळ माझी होती. त्यांनी फॉर्मची घडी करून पिशवीत ठेवली.

"मले माहीत हाये, भाऊ. मीच वाचली नाई ना."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. अल्लीपूरला गेलो तर चक्की बंद, आणि भाऊ तिच्या पायरीवर बसलेला. सोमवारी त्याला नागपूरकडच्या एका संस्थेत ठेवणार, असं चुलतभावाने सांगितलं. "इथं त्याले पाहीन कोण?" तो म्हणाला. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.

इतक्या वर्षांत मी त्या माणसाशी एक शब्द बोललो नव्हतो. जरा अंतर ठेवून शेजारी बसलो आणि जायचंय का, ते विचारलं. पुष्कळ वेळ गेला. मग रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, "इथंच. दळण करतो."

मी ते चुलतभावाला सांगितलं. त्याने पिशवीतून कोर्टाचा हुकूम काढून माझ्यापुढे धरला. माझी ओळ त्यात जशीच्या तशी उतरवली होती.

सोमवारी गाडी आली आणि तो गेला. मी त्या वेळी वर्ध्याला कुणाचा तरी अर्ज टाइप करत होतो.