सुस्थितीतली भिंत

तलासरीकडच्या एका पाड्यावर आमच्या छोट्या संस्थेची बालवाडी होती. विटामातीच्या भिंती, वर कौलं. त्या हिवाळ्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि खिडकीपासून जमिनीपर्यंत भिंत अशी फाटली की आत हात जाई. दुरुस्तीला संस्थेकडे दमडी नव्हती. सरकारी मदत हवी तर नुकसानीचा पंचनामा हवा. तो झाला नाही तर बालवाडी बंद, इतकं सरळ होतं.

तालुक्याला खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे पंचनाम्याला साहेब यायचा दिवस ठरला. त्या सकाळी मी मसोलीच्या घरून निघून पाड्यावर पोचले आणि आधी भिंतीकडे गेले. फट गायब. आमच्या मदतनीस मावशींनी बायका जमवून आदल्या दिवशी सगळी भिंत शेणामातीनं लिंपून काढली होती, वरून गेरू.

"सायेब येणार ना ताई, मग फुटकं कसं दाखवायचं?" मावशी म्हणाल्या. पाहुणा येणार म्हटलं की पाड्यावर आधी भिंत लिंपतात. त्यांच्यावर काय डोंबल रागावणार?

राग आला तो साहेबाचा. चपला घालूनच आत शिरला. मी मोबाईलमधले फोटो दाखवले. "फोटो कुठल्याही भिंतीचे असतील, मॅडम." मग मी खुरपं घेऊन लिंपण खरवडलं, फट उघडी केली. तर म्हणतो, "ही तुम्ही आत्ता केलीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात जमीन हलली. खिचडीचं पातेलं खडखडलं. साहेब सगळ्यांच्या आधी बाहेर, एक चप्पल आतच राहिली. आम्ही पोरांना उचलून आलो तोवर तो चिंचेखाली उभा राहून लिहीत होता: भिंत सुस्थितीत, नुकसान नाही. वर मलाच बजावलं, "पोरांना आत बसवू नका. काही झालं तर जबाबदारी संस्थेची."

म्हणजे मदत द्यायची तर भिंत धड, आणि जबाबदारी ढकलायची तर पडकी.

त्यानं कागद पुढे केला. मी म्हटलं, "सही करते साहेब. आधी आत जाऊन तुमची चप्पल घेऊन या."

तो गेला नाही. मावशींनीच आत जाऊन ती आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. मी सही केली नाही. पावसाळ्यापर्यंत बालवाडी चिंचेखाली भरली, मग बंद पडली.