वितळलेल्या बर्फाचा ग्राफ

कोणावरही विश्वास न ठेवता माणूस उत्तम जगू शकतो, याचा चालताबोलता पुरावा म्हणजे आमच्या बर्फाच्या कारखान्यातले अकाउंटंट. पनवेलच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत चढण्याआधी ते कंडक्टरला, मग ड्रायव्हरला आणि शेवटी खिडकीतल्या एखाद्या प्रवाशाला विचारायचे, "पुण्यालाच जाते ना?" तिघांनी हो म्हटल्यावर कोणाचंही समाधान व्हावं. पण "तिघांचं इतकं एकमत? आधी ठरलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी चांगली रिकामी गाडी सोडून दिलेली मी स्वतः पाहिली आहे. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरांचा थर्मामीटर, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, सगळी त्यांच्या लेखी चौकशी चालू असलेली प्रकरणं. कोणाला पेन दिलं तर टोपण स्वतःच्या खिशात ठेवायचे.

अशा माणसाला देवाने बर्फाच्या कारखान्यात नोकरी द्यावी, ही थट्टाच म्हणायची. बर्फ वितळतो हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. आपली पाठ वळल्यावर तो किती वितळतो, याबद्दल शंका होती. सकाळी मोजलेल्या लाद्या संध्याकाळी तितक्याच भरल्या नाहीत की गाडी भरणारा गडी त्यांच्या टेबलासमोर उभा. "साहेब, आमी काय बरफ खाल्ला? उन्हाळा हाय," तो कळवळून म्हणायचा. "उन्हाळा आहे, हे तू सांगतोयस," असं शांतपणे म्हणून अकाउंटंट 'वितळ' या रकान्याशेजारी 'संशयित वितळ' हा खास स्वतः आखलेला रकाना भरायला घ्यायचे.

ऑफिसची व्यवस्था माझ्याकडे होती. कॉम्प्युटर आला तेव्हा मी मनाशी धरून चालले होते की हे त्याला हातही लावणार नाहीत. झालं उलटंच. पन्नाशी उलटलेल्या या माणसाने एकट्याने पुस्तक वाचून मॅक्रो लिहिला. एक कळ दाबली की महिन्याचे आकडे आपोआप आपापल्या घरात बसायचे, बेरजा व्हायच्या आणि शेवटी उत्पादन, विक्री आणि वितळ यांचा ग्राफ निघायचा. "माझा मॅक्रो," असं ते म्हणत तेव्हा आवाज असा व्हायचा, जसा इतर लोकांचा होतो, मुलगा बोर्डात आल्यावर.

मग मालकांनी वाशीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून हिशेबाचं जुनं पॅकेज काढून नवं, रंगीत, माऊसवालं बसवून घेतलं. मॅक्रो त्यातही चालायचा, पण अर्धा कप चहात होणारं काम आता जेवणाची सुट्टी संपली तरी चालूच. ग्राफचे खांब एकेक करून उभे राहायचे, पुसले जायचे, पुन्हा उभे राहायचे. अकाउंटंट त्या पडद्याकडे फौजदारासारखे बघत होते.

"बाई, हे आपले आकडे वाचतंय."

"कॉम्प्युटर आकडे वाचणारच."

"वाचून कोणालातरी पाठवतंय."

"कशातून पाठवणार? याला फोनची वायरसुद्धा नाही."

"तेच म्हणतोय मी. लपवली आहे."

टेबल भिंतीपासून ओढून त्यांनी वायर शोधली. ती सापडली नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

दुसरा संशय मात्र मलाही सोडवेना. वाशीवाल्याने पॅकेज मुद्दाम मंद करून दिलं असेल तर? कारण मालकांनी सरळच सांगितलं होतं, "या महिन्याचा ग्राफ सोमवारी सकाळी टेबलावर दिसला नाही, तर हे काम वाशीलाच देऊन टाकतो. तो करायला तयार आहे." म्हणजे मॅक्रो गेला. दुपारी अकाउंटंटनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

शनिवारी मी हातातली कामं बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून नुसती बघत बसले. एक आकडा बसला की ग्राफ एकदाच नव्याने निघायला हवा होता, तो पुन्हा पुन्हा निघत होता.

"हे मधे काय चाललंय?"

ते जरा घुटमळले. "पहारा."

प्रत्येक आकड्यानंतर त्यांचा मॅक्रो मागे जाऊन आधीचे सगळे आकडे पुन्हा मांडायचा आणि बेरीज जुळवायचा. मधल्या वेळात कोणी ते बदलले तर कळावं म्हणून! जुन्या पॅकेजात हे खपत होतं, कारण तिथे मागितल्याशिवाय ग्राफ निघत नसे. नव्यात तो आकड्यांच्या शेजारीच बसलेला. आकड्याला जरा हात लागला की पुन्हा सगळा उभा राही. वाशीवाला निर्दोष होता. मशीन आमच्या अकाउंटंटच्या संशयाच्या ओझ्याने दमलं होतं.

"पहारा काढून टाका," मी म्हटलं.

"आणि आकडे बदलले तर?"

"कोण बदलणार? खोलीत आपण दोघंच आहोत."

"तुमचं नाही हो म्हणत, बाई. मीच बदलले तर? चुकून? माझ्यावर कोण लक्ष ठेवणार?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस साऱ्या जगावर संशय घेतो. त्या जगातून त्यांनी स्वतःला वगळलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी ठेवते लक्ष," मी म्हणाले. "तुम्ही कळ दाबा."

मॅक्रोतली पहाऱ्याची एकेक ओळ त्यांनी जपून काढली, अंगातला काटा काढावा तशी. कळ दाबली. बघता बघता आकडे बसले आणि ग्राफ आकड्यामागे एकदाच हलून सरळ उभा राहिला. पडद्याकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, बरोबर?"

मी कागदांशी ताळा करून पाहिला. "बरोबर."

एवढ्यावर त्यांनी ग्राफ छापायला दिला. सोमवारी तो मालकांच्या टेबलावर होता, आणि वाशीचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर दर महिनाअखेरीला मला बोलावणं यायचं. मी बसायची, ते कळ दाबायचे, एकदाच विचारायचे. पुढे ते निवृत्त होऊन विचुंब्याला राहायला गेले, आणि तिथेच वारले. त्यांच्या जागी आलेला अकाउंटंट हुशार आहे. कळ दाबतो आणि खुशाल चहाला जातो. ग्राफ आपोआप निघतो, चुकतही नाही. मी तरी महिनाअखेरीला जाऊन शेजारच्या खुर्चीत बसते आणि वरपासून खालपर्यंत सगळे आकडे नजरेखालून घालते. विचारणारं कोणी नसतं. मग मनातल्या मनात म्हणते, "बरोबर."