गुरुजींचं पोट

उभ्या वऱ्हाडात आपल्या पोटाचा शिक्षणाच्या कामी उपयोग करणारा एकच माणूस झाला, आणि तो म्हणजे केनवडच्या शाळेतले आमचे हेडगुरुजी. इंग्रज सरकारने त्यांना दिलेली खुर्ची हातांची होती. तीत ते मावत नसत, म्हणून तिच्यावर त्यांनी हिंदुस्थानचा नकाशा बसवला होता आणि स्वतः ओट्यावर मांडी घालून शिकवत. बाजाराच्या दिवशी ते निघाले की भाजीवाल्या टोपल्या आपणहून मागे ओढत. कोपऱ्यावर पोट आधी वळे आणि गुरुजी मागून. या सगळ्याचा त्यांना कधी राग म्हणून आला नाही.

मला मात्र यायचा. वर्गात सर्वांत लठ्ठ मीच, आणि पोरं मला 'कणगी' म्हणत. शेवटी मी शाळेत जाणंच बंद केलं, आणि बाबांनीही मला ढोरांमागे धाडायचं ठरवून टाकलं. संध्याकाळी गुरुजी दारात हजर.

"काहून येत नाही बे शाळेत?"

"पोट्टे कणगी म्हणतात."

"आन् मले काय म्हणतात? सांग, मारत नाही."

"पेव," मी कसंबसं म्हणालो.

गुरुजी खूश झाले. "मंग? घरातली कणगी केवढी, आन् जमिनीतलं धान्याचं पेव केवढं. मी असतानी तुले काहून हासतात? उद्या ये."

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना झाली की गुरुजी ओट्यावर पोट नीट दिसेल असे बाजूने उभे राहत. "कोणाच्या आंगाले हासाचं असन त आता मले हासून घ्या. मंग दिसभर बंद." सगळी शाळा खो-खो हसे, आणि पोरांजवळ माझ्यासाठी हसू उरतच नसे.

एकदा शाळा तपासणारे डिप्टीसाहेब न कळवता बैलांच्या दमणीतून उतरले ते नेमके याच वेळी. "हा काय तमाशा आहे?" त्यांनी विचारलं.

"पोट्टे माह्या पोटाले हासून राह्यले, साहेब," गुरुजी शांतपणे म्हणाले. "नाही त या पोराले हासतीन, आन् हा शाळा सोडीन."

साहेबांना हे काही पटलं नाही. गुरुजींची धनजला बदली झाली.

नवे गुरुजी सडपातळ होते, खुर्चीत सहज बसले. प्रार्थना संपली तरी वर्ग सवयीने ओट्याकडे पाहत राहिला. काय वाटलं कोण जाणे, मी उठलो, ओट्यावर जाऊन तसाच बाजूने उभा राहिलो आणि म्हणालो, "हासा." कोणी हसलं नाही. मला पहिल्यांदा कणगी म्हणणारा पोरगा तेवढा हळूच म्हणाला, "बस खाली. गुरुजीएवढं कुठं हाये तुहं?"

खरंच नव्हतं. मला ओट्यावरच रडू फुटलं, आणि तेव्हाही कोणी हसलं नाही. शाळा मी पुरी केली. गुरुजी मात्र पुन्हा दिसले नाहीत.