लाल शाईने खोडलेली पोर

हैदराबादच्या नामवंत खेळाडूंची यादी परवा मोबाईलवर फिरत आली. त्यात खो-खोखाली आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरच्या पोरीचं नाव. माझं डोकंच फिरलं. पोर आमची, घडवली मी, आणि मिरवणार हे शहरवाले! मग आठवलं, रागवायचा मला काही अधिकार उरलेला नाही.

मी खेळाचा मास्तर होतो. जिल्ह्यातल्या खेळाडूंचं रजिस्टर माझ्याकडे असे. आमच्याकडची चांगली पोरं शहराच्या संघात शिरायला तिथला पत्ता लावायची. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. मी मात्र असं कुणी गेलं की लाल शाईने नाव खोडायचो. तिचं जरा जास्तच दाबून खोडलं, कारण ती माझी सगळ्यांत लाडकी.

दोन वर्षांनी ती लंगडत आली. खांबाकडे झेप घेताना गुडघा फिरला होता. खेळाडू म्हणून शहरात ऑपरेशन लवकर झालं असतं, पण ही आमची खेळाडू आहे असं तिथल्या किंवा जिल्ह्याच्या खो-खो संघटनेचं पत्र हवं होतं.

"तिकडचे म्हनतेत, तू आमची नाही, आदिलाबादची हायेस. तुमी तं लिहून द्या, सर."

मी रजिस्टर उघडून लाल रेघ दाखवली. "गेलीस तवा मला इचारलं होतं काय?"

ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरली. परत येईल, मग चार शब्द सुनावून लिहून देऊ, असं माझ्या मनात होतं. ती आली नाही. मीही गेलो नाही. गुडघा तसाच आखडला.

आता जिल्ह्याचीही यादी निघणार आहे, आणि तिचा फोटो आणायला मलाच धाडलं. ती आदिलाबादजवळ मावला गावात भाजी विकते. मला पाहताच उठू लागली. "बस, बस," म्हणेपर्यंत हातगाडीला धरून उभी राहिलीच. सरांपुढे बसायचं नाही, हे मीच शिकवलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फोटो मागितला. तिने पिशवीतल्या पाकिटातून एक काढून दिला. त्यात ती हवेत झेपावलेली होती, दोन्ही पाय सरळ, अंगात शहराची जर्सी.

"हा एकच हाये, सर," ती म्हणाली. "तुमच्या यादीत जमते काय?"