गाडीच्या काचा वर करून

सुधाकर गेल्याचं मला आमच्या शाळेतल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर कळलं. वर कुणीतरी पाठवलेली फुलांची परडी, तिच्यावर सुप्रभात, त्याखाली गुडघेदुखीवरचा काढा, आणि त्याखाली, 'आपले सुधाकरराव काल दुपारी गेले.' मग जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी नोकरीभर त्याच्या गाडीला 'खेळणं' म्हणून हिणवलं होतं. एकाने तर हात जोडले आणि लगेच खाली तो काढा कुठे मिळेल ते विचारलं. मी फोन पालथा घातला आणि बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "परवा तर इथं बसून पोहे खाऊन गेले की." खरंच गेला होता. खाता खाता छातीत जळजळतंय म्हणाला, मी डॉक्टरकडे जा म्हणून मागेच लागलो. त्यानं शांतपणे फोन काढला, कॅमेऱ्यावर बोट टेकवलं आणि पडद्यावरचा आकडा मला दाखवला. "ठोके बरोबर हायत की रे. पित्त हाय, दुसरं काय न्हाय." जगातल्या प्रत्येक ॲपमधल्या चुका काढण्यात ज्याची सकाळ जायची, त्या माणसानं नेमका याच ॲपवर भरवसा ठेवावा, याचा मला अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणे. मी रागावतो. तो समोर असता तरी रागावलोच असतो.

सुधाकर आमच्या शाळेत हेडक्लार्क, मी भूगोल शिकवायचो. मूळचा करमाळ्याकडचा, थोरला भाऊ आबा तिकडे शेती बघतो. सोलापुरात इतकी वर्षं काढूनही त्याच्या तोंडातलं 'हाय' आणि 'न्हाय' काही गेलं नाही आणि त्याची त्याला कधी लाजही वाटली नाही. त्याला नाद छोट्या गाड्यांचा. लोक मोठ्या गाडीकडे मान वळवून बघतात, हा सात रस्त्याच्या चौकात उभा राहून एखादी इवलीशी गाडी गर्दीतून कशी वळते ते बघायचा. त्याची स्वतःची पांढरी गाडी इतकी छोटी की चौघं बसले की पाचव्यानं छत्रीसुद्धा आत आणायची नाही. मोठी गाडी घ्यायची ऐपत त्याला होती, पण त्यानं घेतली नाही, आणि हे आमच्या स्टाफरूमला कधी पचलं नाही. एकदा तो मला पूर्व भागातल्या एका बोळातून घेऊन गेला. दोन्हीकडे यंत्रमागांची खटखट, पुढे चाललेला रिक्षावाला हात टेकून मागे फिरलेला. यानं दोन्ही आरसे आत घेतले आणि गाडी घातली. मध्येच बाजेवर मिरच्या वाळत घातलेल्या. एक बाई बाहेर येऊन म्हणाली, "थांबा की हो, मिरच्या हायत." सुधाकर इंजिन बंद करून थांबला, उतरून बाजेचं एक टोक धरलं, मिरची कुठली, किती तिखट, सगळी चौकशी केली. मागे दोन मोटारसायकलवाले शिव्या घालत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. बोळाच्या दुसऱ्या तोंडाला बाहेर पडल्यावर त्याचा चेहरा मी पाहिला. मॅट्रिकला बोर्डात आलेल्या पोराच्या बापाचा असतो तसा होता. त्याला मूलबाळ नव्हतं.

ॲपचं वेड निवृत्तीनंतरचं. पेट्रोल भरलं की ॲव्हरेज काढणारं, पाऊस सांगणारं, पार्किंगमध्ये गाडी कुठे ठेवली ते सांगणारं. हे शेवटचं त्यानं घेतलं तेव्हा मी विचारलं, तुझी गाडी तुझ्याच बिल्डिंगखाली असते, ती शोधायची कशाला? तर म्हणाला, "त्याला येतंय का ते बघायलोय." बिनकामाचं ॲप निघालं की त्याखाली मराठीत सविस्तर अभिप्राय. हवामानाच्या एका ॲपला त्यानं लिहिलं होतं, 'आपण सोलापूरची आजची हवा आल्हाददायक दाखवली आहे. आपण स्वतः दुपारी यावे, आमच्याकडे उतरावे, मग बोलू.' असल्या अभिप्रायांना उत्तर येत नसतं. तो मात्र रोज बघायचा, आलंय का म्हणून.

मग आले पॉडकास्ट. कानात बोंडं घालून तळ्याभोवती फिरताना हा एकटाच हसायचा, आणि ओळखीचे लोक त्याच्या बायकोला, नलिनीवहिनींना, येऊन काळजीनं विचारायचे. ऐकून ऐकून त्यानं स्वतःचाच काढला, 'चार चाकं, दोन माणसं'. शेजारच्या सीटवर एक पाहुणा बसवायचा आणि त्याच्या आयुष्यातल्या एखाद्या गाडीबद्दल त्याला बोलतं करायचं, इतकंच. रेकॉर्डिंग गाडीतच, बिल्डिंगखाली, गाडी जागेवर उभी. घरात कुकर, शेजाऱ्यांचा टीव्ही, मागच्या बाजूला माग. म्हणून गाडीच्या काचा वर करून बसायचं, आणि आवाज येतो म्हणून एसीही बंद. सोलापूरच्या दुपारी! पाहुण्याला आधी एक पंचा हातात द्यायचा, नंतर बाहेर आल्यावर ताक. मी माझ्या स्कूटरबद्दल बोललो, घामानं निथळलो, आणि त्यानं त्यातलं निम्मं कापलं. "तू शिकवायला लागलास रे," म्हणाला. ऐकणारे मोजकेच. त्यातला मैंदर्गीचा एक किराणा दुकानदार प्रत्येक भागानंतर कन्नड वळणाच्या मराठीत दोन ओळी लिहायचा, म्हणून हे महाशय खास त्याला भेटायला जाऊन आले. शोकसभेत मात्र आमच्याच मंडळींनी त्याला 'तंत्रस्नेही', 'काळाच्या पुढचा' वगैरे करून टाकलं. त्यातल्या एकानेही त्याचा एक भाग ऐकलेला नव्हता. मी विचारलं होतं.

वहिनी शेजारी बसायला कधी तयार नव्हत्या. "मला कुठं गाडीतलं कळतंय," एवढंच म्हणायच्या. पण यंदा उन्हाळा लागता लागता एकदाच्या बसल्या. पोहे खायला आला तेव्हा सुधाकर तेच सांगत होता. मी विचारलं, काय बोलल्या रे? "ऐक की. सांगितलं तर ऐकायचा न्हाईस तू." भाग रेकॉर्ड झाला की तो लगेच बाहेर सोडत नसे. फोनवरच दहा-पंधरा दिवस त्यातले खोकले आणि हॉर्न निवडून काढत बसायचा, बायका तांदूळ निवडतात तसा. इतर सगळे लोक कुठल्या कुठल्या दूरच्या यंत्रावर एक प्रत ठेवतात, तशी तू ठेव म्हणून मी सांगत असे. तर म्हणायचा, आपलं सामान आपल्या घरात बरं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तो माझा भाग... तुम्हाला लावता येईल का? ह्यांना लई आनंद झाला होता." मी हो म्हटलं. फोन सारखा वाजतो म्हणून आबांनी तो कपाटात कुलूपबंद ठेवला होता. म्हटलं, दिवस होऊ देत. घरात इतकी माणसं, त्यात फोन मागणं बरं दिसलं नसतं.

तेराव्याला मी गेलो तेव्हा हॉलमध्ये शय्यादानाची मांडामांड झाली होती. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते गुरुजींना द्यायचं, त्याच्या आवडीचं द्यायचं, ही रीत. नवी गादी, उशी, चादर, तांब्या, छत्री, चपला. आणि उशीवर, चार्जरची नीट गुंडाळी करून, सुधाकरचा फोन. मी आबांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. "त्याच्या जिवाची वस्तू तीच की हो मास्तर," ते म्हणाले. "चपला काय, कुनीबी देतंय. तितं त्याला बिगर फोनचं करमंल व्हय?" पलीकडून त्यांचा मुलगा, चांगला नोकरीतला, शहाणा, हळूच म्हणाला, "काका, काळजी करू नका. सगळं पुसून कोरा करून दिलाय. घरातले फोटो बाहेर जायला नकोत ना." मंत्र चालू होते. वहिनी पदर घेऊन भिंतीशी बसल्या होत्या, त्यांना हे बोलणं ऐकू गेलं नव्हतं. मी काय करणार होतो? त्या खोलीत एकाही माणसानं वाईट हेतूनं काही केलेलं नव्हतं. याचंच मला जास्त कडू वाटतं. कुणी चोरला असता, फोडला असता, तर निदान भांडायला माणूस सापडला असता. इथं सगळ्यांनी प्रेमानं आणि रीतीप्रमाणे त्याचा आवाज पुसून टाकला, आणि वर त्याच्या नावानं बुंदी वाढली.

दोन दिवसांनी मी गुरुजींच्या घरी गेलो. सज्जन माणूस. त्यांनी एका शब्दानं काही न विचारता फोन माझ्या हातात ठेवला. चालू केला, तर तो नव्या फोनसारखा मलाच विचारू लागला, भाषा निवडा. नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याच्याकडून आणखी एकाकडे. दोघांनीही मान हलवली. "गेलं की सर सगळं," दुसरा म्हणाला. दान दिलेली वस्तू परत घेत नाहीत, तेव्हा मी फोन गुरुजींना नेऊन दिला. त्यांना कामाला तरी येईल.

वहिनींना सांगायला मला पुढे बरेच दिवस लागले. गेल्या रविवारी गेलो तेव्हा घराला कुलूप. खाली आलो तर त्या गाडीत बसलेल्या दिसल्या, डावीकडच्या सीटवर, मांडीवर पंचा. मला बघून त्यांनी काच खाली केली. आबा गाडी विकून टाका म्हणायलेत, पण मी नको म्हटलं, असं त्या म्हणाल्या. मी मागच्या सीटवर बसलो. पुढची उजवी सीट रिकामीच ठेवली, मला तिथं बसवेना. मग सांगितलं, सगळं जसंच्या तसं. वहिनी रडल्या नाहीत.

"मी काय बोलले ते मला पाठ आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांनी गाडीचं विचारलं, आणि मी भलतंच विचारून बसले. म्हटलं, पोरबाळ झालं नाही आपल्याला. दुसरं लग्न करा म्हणून तुमच्या घरचे किती मागे लागले होते. नाही केलंत. ते बरं केलं असं वाटतंय का तुम्हाला? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं बघा. काचा वर होत्या, म्हणून धीर झाला असेल."

"मग? काय म्हणाला तो?"

"लई वेळ बोलत होते. कधी बोलत नाहीत तेवढं. पण घामानं माझे डोळे चुरचुरायलेले, आणि नेमकं फाटकाशी कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. माझं सगळं लक्ष तिकडं. म्हटलं, असू दे, फोनमध्ये आहेच की. निवांत ऐकू..."

त्यांनी पंच्याची घडी मोडली, परत घातली.

"हॉर्न कुणाचा होता तेवढं आठवतंय. गॅसवाल्याचा."