अर्ध्या पुस्तकांची लायब्ररी

बदलापूरला कात्रपच्या एका सोसायटीत तळमजल्यावर उमाबाईंची मुलांची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे फार काही मनात आणू नका. सोसायटीच्या ऑफिसातलं एक कपाट आणि एक सतरंजी. पण नवखा माणूस कपाट उघडून चक्रावतो, कारण तिथे एकही पुस्तक अख्खं नाही. प्रत्येक पुस्तक मधोमध उसवून दोन्ही भागांना दाभणाने वेगळी शिलाई घातलेली, वर ब्राऊन पेपरचं कव्हर.

हा उद्योग उमाबाईंच्या यजमानांचा, शरदचंद्रांचा. अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यावर गृहस्थांना स्वस्थ बसवेना. पुस्तकात शेजाऱ्यावर प्रेम करा असं कितीही गोडगोड लिहिलं, तरी शेजाऱ्याच्या घरात पाय टाकल्याशिवाय पोरांना ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मुलांच्या जोड्या. एक कोकणातल्या घरातलं, तर दुसरं उल्हासनगर कॅम्प दोनमधून इकडे राहायला आलेल्या सिंधी घरातलं. पुस्तकाचा पहिला भाग पहिल्याच्या घरी बसून दोघांनी वाचायचा, दुसरा भाग दुसऱ्याच्या घरी. भाग ज्या घरी असेल ते घर सोडून कुठे न्यायचा नाही.

डिसेंबरात शरदचंद्र गेले. उमाबाई रडल्या नाहीत. लोकांनी बसा म्हटलं की बसल्या, जेवा म्हटलं की जेवल्या. लायब्ररीही उघडत राहिल्या, नळाला पाणी आलं की बादली लावावी तशा. कुणी काही विचारलं की "बरं" म्हणायच्या. आठ महिन्यांत त्या एका शब्दावर त्यांचं भागलं.

मग तेजस्वी आणि चिमी या अशाच एका जोडीतल्या पोरींच्या घरच्यांत, तेजस्वीचे बाबा सुयोग आणि चिमीचे सिंधी पप्पा यांच्यात, पार्किंगवरून जुंपली. पार्किंगवरून सुरू झालेलं भांडण मराठीत बोल, हिंदीत बोल, यावर गेलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, सोसायटी दुभंगली. सेक्रेटरी तोडगा घेऊन आले.

"उमाकाकू, शनिवारी मराठी मुलं, रविवारी सिंधी मुलं. म्हणजे टेन्शनच नको."

"बरं," उमाबाई म्हणाल्या.

आणि खरंच शांतता झाली. इतकी की सतरंजीवर कुणी येईना. येऊन करणार काय? शनिवारवाल्यांकडे गोष्टींची सुरुवात आणि रविवारवाल्यांकडे शेवट. सेक्रेटरींना याचंही उत्तर सापडलं. सगळे भाग परत मागवा आणि शिवून टाका. आपल्याकडे हुशार माणसांना काही कमी नाही. उमाबाईंना कळत होतं, एकदा का शिवली की नवऱ्याचं काम संपलं. कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं. त्यांनी निरोप पाठवले आणि दाभणात दोरा ओवून बसल्या.

रविवारी सकाळी सुयोग एक पहिला भाग घेऊन आला. घर सोडून निघालेल्या एका उंटाची गोष्ट होती ती.

"काकू, हा घ्या. पण तेजस्वी जेवत नाहीये हो. त्या उंटाचं पुढे काय झालं म्हणून डोकं खातेय. दुसरा भाग द्या ना."

"तो चिमीकडे आहे. अजून आला नाही."

"मग आणा ना जाऊन."

बरं म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "तूच जा. तेजस्वीला घेऊन जा."

यात बाणेदारपणा वगैरे काही नव्हता. तीन मजले चढायचं त्यांच्या अंगात त्राण नव्हतं, इतकंच.

"मी? त्यांच्याकडे?"

उमाबाई दोऱ्याला गाठ मारत राहिल्या. सुयोग जरा वेळ घुटमळला. मग तोच अर्धा भाग उचलून, काहीतरी पुटपुटत निघून गेला.

तासाभराने परत आला तेव्हा हातात पुस्तक नव्हतं, फॉइलमध्ये गुंडाळलेली कोकी होती, सिंध्यांची कांदा घातलेली जाड पोळी.

"दुसरा भाग?" उमाबाईंनी विचारलं.

"नाही दिला. चिमीची दादी म्हणाली, किताब बाहर नहीं जाएगी, इधर बैठ के पढ़ो."

"आणि तुझ्याकडचा?"

"तोपण ठेवून घेतला." सुयोग ओशाळला. "म्हणे, मुझे पीछे का पता नहीं, शुरू से सुनाओ. पोरींना पुढचं वाचायची घाई. मग दादीला मीच वाचून दाखवलं, हिंदीत सांगून सांगून. चिमीचे पप्पा समोर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. पण उठले पण नाहीत, काकू. शेवटी पाणी त्यांनीच आणून दिलं."

"तेजस्वी कुठाय?"

"तिकडेच. म्हणते, जेवूनच येईन."

सुयोग गेला. उमाबाईंनी दाभण खाली ठेवलं. सुयोगने पुस्तक वाचलं, तेही चिमीच्या घरी! ही गंमत यांना सांगितलीच पाहिजे, असं मनात आलं आणि त्या लगबगीने उठल्याही. कुलूप घेतलं, दिवा मालवला, दारापर्यंत गेल्या.

तिथे त्यांच्या लक्षात आलं की सांगायला घरी कुणी नाही. मग दाराची चौकट धरून उमाबाई मोठ्याने रडल्या.